ऑर्डरचा कागद गेला कुठे?

प्रश्न : माझा भाचा चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. तिथे मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात आणि त्या एका मोठ्या कंपनीला जातात. मी स्वतः पस्तीस वर्षे हार्डवेअरचे दुकान चालवले. आमच्याकडे मालाची मागणी म्हणजे कागद, सही आणि शिक्का. भाचा सांगतो की त्यांच्याकडे ऑर्डरचा कागद येतच नाही. सकाळी तो ‘पोर्टल’ उघडतो आणि दुपारच्या गाडीत किती नग चढवायचे ते त्याला तिथे दिसते. त्या मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये म्हणे जेमतेम एका दिवसाचा माल असतो. माझ्या शंका चार. हाच निरोप फोनवर देता येत नाही का? किती माल मागवायचा हे माणूस ठरवतो की संगणक? सगळे पुरवठादार एकाच पोर्टलवर असतील तर एकाचे भाव दुसऱ्याला दिसत नाहीत का? आणि स्टोअर जवळजवळ रिकामे ठेवून एवढी मोठी कंपनी निर्धास्त कशी राहते?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : शंका चार असल्या तरी त्यांची गाठ एकच आहे, म्हणून आधी ती सोडवू.

कोणत्याही धंद्यात दोन गोष्टी वाहत असतात : माल आणि मालाची बातमी. तुमच्या दुकानात माल टेम्पोने यायचा आणि मागणीचा कागद टपालाने किंवा सेल्समनच्या पिशवीतून जायचा. दोघांचा वेग साधारण सारखाच होता. वेबमुळे त्यांची ताटातूट झाली. टेम्पो आजही टेम्पोच्याच वेगाने येतो, चाकणच्या चौकात अडकायचा तेव्हा अडकतोच. बातमी मात्र क्षणात पोचते. म्हणून पहिला गैरसमज इथेच दूर करू. वेबमुळे माल लवकर येतो असे पुष्कळांना वाटते, पण वेब मालाला हातही लावत नाही. ते फक्त माल कुठे आहे, किती आहे आणि किती लागणार आहे, एवढेच संबंधितांना सांगते.

एवढ्याने काय साधते, हे पाहायला आपल्या फळीवरचा साठा आठवा. पुढच्या आठवड्यात किती गिऱ्हाइके येतील आणि टेम्पो नक्की कधी येईल हे माहीत नसायचे, म्हणून तुम्ही स्क्रूचे दोन खोके जास्तीचे ठेवत असाल. ते दोन खोके म्हणजे अंदाज चुकण्याविरुद्ध उतरवलेला विमा. अंदाज चुकण्याची भीती कमी झाली की विमाही कमी पुरतो. कंपन्या वेबवर जो खर्च करतात तो मुख्यतः यासाठी. त्यांना साठ्याच्या जागी माहिती ठेवायची असते. आता एकेक शंका घेऊ.

फोनवर निरोप दिला तर काय बिघडते?

दोघांमधलाच व्यवहार असेल तर काहीही बिघडत नाही. पण साखळी दोन कड्यांची नसते. मोटार कंपनीच्या मागे बिजागरीवाला, त्याच्या मागे पत्रा विकणारा आणि त्याच्याही मागे पोलादाचा कारखाना. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे असा जात राहिला की प्रत्येक जण त्यात आपल्या काळजीची थोडी भर घालतो.

तुमच्याच धंद्यातले उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या दुकानात महिन्याला १०० कुलुपे विकली जातात. एका महिन्यात ११० खपली. मागणी वाढतेय असे वाटून तुम्ही घाऊक व्यापाऱ्याकडून १२० मागवली. त्याला तुमचे गिऱ्हाईक दिसत नाही, फक्त तुमची मागणी दिसते. ती शंभरावरून एकशेवीसवर गेलेली पाहून त्याने १४० मागवली. कारखान्याने ती उडी पाहून १८० बनवली. पुढच्या महिन्यात खप पुन्हा १०० वर आला. तुमच्याकडे १० शिल्लक आहेत, म्हणून तुम्ही ९० मागवता. व्यापाऱ्याकडे २० शिल्लक, म्हणून तो ७० मागवतो. कारखान्याकडे ४० पडून, म्हणून तो फक्त ३० बनवतो. गिऱ्हाइकाची मागणी दहाने हलली आणि कारखाना १८० वरून ३० वर आपटला. यात कोणी खोटे बोलले नाही आणि कोणी मूर्खपणाही केला नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचेच केले.

गाडीवान आसूड उडवतो तेव्हा त्याचे मनगट चार बोटे हलते आणि वादीचे टोक मात्र हातभर उसळते. या घोळालाही आसुडावरूनच नाव पडले आहे, ते म्हणजे ‘बुलव्हिप’. अमेरिकेतल्या एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्येच ही चढउतार गणिताने दाखवून दिली होती. पुढे प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीला तिच्या पॅम्पर्स या लंगोटांच्या बाबतीत तेच दिसले. तान्ही बाळे वर्षभर सारख्याच गतीने लंगोट भिजवतात, दुकानांतली विक्रीही बरीचशी स्थिर असते, तरी कंपनीकडे येणाऱ्या मागण्या मात्र वरखाली हेलकावत होत्या. १९९७ मध्ये स्टॅनफर्डचे हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणे नीट मांडून दाखवली. मागचा माणूस गिऱ्हाईक पाहत नाही, तो पुढच्या माणसाची मागणी पाहतो, हे त्यातले एक मुख्य कारण.

कारण कळले की उपायही दिसतो. साखळीतल्या प्रत्येकाला शेवटच्या गिऱ्हाइकाची खरी खरेदी एकाच वेळी दिसली पाहिजे. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानमालिकेने १९९१ मध्ये ‘रिटेल लिंक’ नावाची व्यवस्था याच विचाराने सुरू केली. आपला कोणता माल कोणत्या दुकानात किती खपला हे पुरवठादाराला त्यात स्वतः पाहता येते. ज्याचा साबण आहे त्यालाच, आपला साबण कुठे संपत आलाय, हे दिसते. मग तो मागणीची वाट न पाहता पुढच्या उत्पादनाची तयारी करू शकतो.

हे आकडे गोळा होतात ते गल्ल्यावरच्या बारकोडमुळे. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावी, च्युइंगमच्या एका पाकिटावर. बारकोडबद्दलही दोन गैरसमज हटकून भेटतात. पहिला असा की त्या रेघांत वस्तूची किंमत असते. खरे तर त्यात फक्त एक क्रमांक असतो आणि किंमत दुकानाच्या संगणकात असते. दुसरा असा की ८९० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे माल भारतात बनला. त्याचा अर्थ एवढाच की तो क्रमांक भारतातल्या जीएस-वन इंडिया या संस्थेमार्फत घेतलेला आहे. माल कुठे बनला हे पाकिटावर वेगळे वाचावे लागते.

मग हे काम वेबचेच कसे झाले? संगणकाने संगणकाला मागणी कळवण्याची पद्धत वेबपेक्षा जुनी आहे. तिला ‘ईडीआय’ म्हणतात. पण त्यासाठी खासगी जाळ्याचे भाडे, खास प्रणाली आणि जाणकार माणूस लागायचा. मोठ्या पुरवठादाराला तो खर्च झेपे, वीस कामगारांच्या वर्कशॉपला झेपत नसे. ३० एप्रिल १९९३ रोजी युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने वेबचे तंत्र कोणालाही विनामोबदला वापरायला खुले केले आणि हा अडसर दूर झाला. आता साधा संगणक, ब्राउझर आणि पासवर्ड एवढ्यावर छोटा कारखानाही मोठ्या कंपनीच्या व्यवस्थेत डोकावू शकतो. पोर्टल म्हणजे हीच खिडकी. तुमचा भाचा त्या खिडकीपाशी बसलेला असतो.

माणूस ठरवतो की संगणक?

बेरीज-वजाबाकी संगणक करतो. ती कोणत्या नियमाने करायची हे माणूस ठरवतो आणि नियम मोडायची वेळ आली की माणसालाच बोलवावे लागते.

बिजागरीचाच हिशेब करू. कंपनीने ठरवले की उद्या ४०० मोटारी बनवायच्या. एका मोटारीला चार दारे, एका दाराला दोन बिजागऱ्या, म्हणजे मोटारीमागे आठ. चारशे गुणिले आठ, ३,२०० बिजागऱ्या. स्टोअरमध्ये ५०० आहेत आणि २०० वाटेवर आहेत. म्हणजे हव्यात २,५००. हा आकडा भाच्याला सकाळी दिसतो. मोटारीत असे हजारो सुटे भाग असतात आणि प्रत्येकाचा हा हिशेब रोज, कधी दिवसातून अनेकदा, नव्याने होतो. हाताने करायला बसले तर हिशेब पुरा होईपर्यंत गाडीच बनून जाईल.

आता ‘वाटेवर २००’ हे संगणकाला कसे कळले? गाडी भरून झाली की भाच्यासारखाच कोणीतरी पोर्टलवर डिस्पॅचची नोंद करतो : अमुक नग, अमुक चलन, अमुक गाडी. त्या क्षणापासून तो माल कंपनीच्या हिशेबात ‘येणारा’ म्हणून धरला जातो. गाडी गेटवर पोचून माल उतरवून मोजला की तीच नोंद ‘आलेला’ होते. बिलाचा पुढचा प्रवासही त्याच नोंदीवरून सुरू होतो.

मधल्या रस्त्यातही आता बातमीचे टप्पे आहेत. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल नेताना ई-वे बिल काढावे लागते. ते आहे करासाठी, पण त्यामुळे प्रत्येक खेपेची वेबवर नोंद होते. २०२१ मध्ये ते टोलनाक्यावरच्या फास्टॅगशी जोडले गेले. परदेशी जाणाऱ्या मालाचेही तसेच. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासून कंटेनरना रेडिओ लहरींवर वाचता येणारे टॅग लावण्याची व्यवस्था सुरू झाली. कंटेनरचा क्रमांक टाकला की तो शेवटी कोणत्या ठिकाणी नोंदला गेला ते वेबवर दिसते. पूर्वी यासाठी बंदरावर ओळखीचा माणूस लागायचा.

गरजेपुरताच माल मागवायचा हा विचार मात्र संगणकाचा नाही. टोयोटाचे टाइइची ओहनो यांनी तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये कागदी कार्डांवर उभा केला. त्यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत भावली होती. तिथे गिऱ्हाईक फळीवरून हवे तेवढे उचलते आणि दुकानदार तेवढीच जागा पुन्हा भरतो. ओहनोंच्या कारखान्यात भाग वापरला गेला की त्यासोबतचे कार्ड मागच्या विभागाकडे परत जायचे. ते कार्ड म्हणजेच ‘आणखी एक द्या’ हा निरोप. त्याला ‘कानबान’ म्हणतात. तुमच्या भाच्याच्या पडद्यावरचा आकडा हे त्याच कार्डाचे आजचे रूप आहे. कार्ड कारखान्याच्या आवारात फिरायचे, आकडा गावोगाव जातो.

डेल या संगणक कंपनीने हा विचार पार टोकाला नेला. १९९६ मध्ये तिने वेबवरून विक्री सुरू केली. आधी गिऱ्हाइकाची मागणी घ्यायची, मग संगणक जुळवायचा. टेक्सासमधल्या तिच्या कारखान्याला लागणारे भाग दर दोन तासांनी मागवले जात. त्या वेळच्या संगणक धंद्यात भागांच्या किमती भराभर घसरत होत्या, म्हणून पडून राहिलेला माल म्हणजे रोजचे नुकसान होते. डेलकडे साधारण चार-पाच दिवसांचाच साठा असायचा आणि त्याचे जगभर कौतुक झाले. पण त्या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली. तिच्यामुळे तुमच्या तिसऱ्या शंकेकडे येता येते.

एकाचे भाव दुसऱ्याला दिसतात का?

पोर्टल नीट बांधलेले असेल तर नाही. पोर्टल म्हणजे सगळ्यांसाठी मांडलेला फळा नाही. बँकेच्या लॉकरची खोली डोळ्यांसमोर आणा. खोली एकच, पण प्रत्येकाची किल्ली आपलाच कप्पा उघडते. भाच्याच्या कारखान्याला स्वतःचे शेड्यूल, स्वतःचे रिजेक्शन आणि स्वतःची बिले दिसतात. शेजारच्या वर्कशॉपला यातले काही दिसत नाही. कंपनीच्या खरेदी विभागाला मात्र दोघांचेही कप्पे दिसतात. चिंता करायचीच तर ती इथे करावी. शेजारी डोकावेल याची भीती नाही, पण एका बाजूला सगळे दिसते आणि दुसऱ्या बाजूला आपल्यापुरतेच. घासाघीस करताना हा फरक जाणवतो. काही कंपन्या वेबवर उलटा लिलावही करतात. त्यात भाव चढत नाही, उतरतो, आणि सर्वांत कमी भावाचा आकडा पाहून प्रत्येक पुरवठादार आणखी खाली येत राहतो. अशा वेळी आपला खरा खर्च आधी कागदावर मांडून ठेवलेला मालकच कुठे थांबायचे ते ओळखू शकतो.

आता डेलच्या कौतुकात झाकलेली गोष्ट. तिच्या कारखान्यात साठा नव्हता हे खरे, पण जवळच पुरवठादारांची गोदामे होती आणि त्यांत माल होता. तो कारखान्यात शिरेपर्यंत त्याची मालकी आणि त्यात अडकलेला पैसा पुरवठादाराचा. म्हणजे साठ्याचा काही भाग माहितीमुळे खरोखर कमी झाला आणि काही भाग फक्त दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला. ‘कंपनीकडे एका दिवसाचा माल असतो’ असे ऐकले की भाच्याला एक प्रश्न जरूर विचारा : ‘तुमच्याकडे किती दिवसांचा असतो?’ दोन्ही उत्तरांची बेरीज केल्यावरच साखळी सुधारली की ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेले हे समजते.

पैशाच्या बाजूलाही वेब आले आहे. छोट्या पुरवठादाराचे जुने दुखणे म्हणजे माल आज जातो आणि पैसे कधीतरी येतात. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्याला जोड म्हणून रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था २०१७ पासून सुरू आहे. पुरवठादार आपले बिल तिथे चढवतो, मोठी कंपनी ‘हे बिल मला मान्य आहे’ असे नोंदवते आणि मग बँका त्या बिलावर पैसे द्यायला आपापले दर सांगतात. जो दर परवडेल तो पुरवठादार घेतो. मुदत भरली की कंपनी बँकेला पैसे चुकते करते. कंपनीने वेबवर ‘मान्य’ म्हटले की त्या एका नोंदीवर अनोळखी बँकही पैसे पुढे करते, ही छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

हे फक्त मोठ्या कारखान्यांपुरते आहे का?

हे तुम्ही विचारलेले नाही, पण याचे उत्तर आपल्याच नाशिकमध्ये आहे, म्हणून सांगतो. आतापर्यंत आपण बातमी मालाच्या पुढे धावताना पाहिली. कधी कधी ती उलट दिशेने, पेटीपासून बागेपर्यंत न्यावी लागते.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतातून गेलेल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले. एका बागेतल्या फवारणीने सगळ्या निर्यातीवर संशय आला, कारण कोणती पेटी कोणत्या बागेची हे झटकन दाखवून देण्याची सोय नव्हती. यावर ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या निर्यात प्राधिकरणाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही वेबवरची व्यवस्था सुरू केली. युरोपला माल पाठवायचा तर शेतकऱ्याने कृषी विभागाकडे आपला प्लॉट नोंदवायचा. प्लॉटला क्रमांक मिळतो. काढणीआधी त्याच प्लॉटमधला नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अवशेषांचा निकाल प्रयोगशाळा वेबवर चढवते. पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासण्यांवर देखरेख ठेवते. निकाल मर्यादेत असेल तरच त्या प्लॉटचा माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये पेट्यांत भरून युरोपच्या वाटेला लागतो. निकाल बिघडला तर तो प्लॉट तिथेच अडवला जातो, बाकीच्यांचे कंटेनर चालू राहतात.

निर्यातदार, शेतकरी, प्रयोगशाळा, पॅकहाऊस आणि सरकारी खाते हे एका मालकाचे नोकर नाहीत. प्रत्येकाची वही वेगळी होती. त्या सगळ्या वह्या एकाच क्रमांकाभोवती बांधल्या गेल्या, हे ग्रेपनेटचे खरे काम. युरोपातल्या दुकानदाराला बागाईतदार ओळखीचा असण्याची गरज उरली नाही, पेटीवरचा क्रमांक त्याला प्लॉटपर्यंत नेतो.

मग कंपनी निर्धास्त राहते का?

राहत नाही आणि राहूही नये. कमी साठ्यावर चालणाऱ्या साखळीला तीन धोके असतात.

पहिला धोका म्हणजे मालच थांबतो. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर टोयोटाचे उत्पादन अडले. आपले पुरवठादार कंपनीला माहीत होते, पण पुरवठादारांचे पुरवठादार आणि त्यांच्याही मागचे लोक नीट माहीत नव्हते. पुढे टोयोटाने या मागच्या कड्यांची माहिती एका ठिकाणी जमवली आणि इलेक्ट्रॉनिक चिपसारख्या, मिळायला वेळ लागणाऱ्या भागांचा काही महिने पुरेल इतका साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. गरजेपुरताच माल ठेवण्याच्या विचाराचे हेच जन्मघर, आणि तिथेच कोणत्या भागाचा विमा काढायचा आणि कोणत्याचा नाही हे नव्याने ठरले. ‘साठा शून्य करणे हेच ध्येय’ हा गैरसमज यामुळे दूर व्हावा. बिजागरी शेजारच्या गावात बनत असेल तर एका दिवसाचा साठा पुरतो. समुद्रापलीकडून येणाऱ्या चिपला तो नियम लावला तर सगळी लाइन थांबते.

दुसरा धोका म्हणजे माल असतो, पण बातमी थांबते. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाचे जपानमधले चौदाही कारखाने एक दिवस बंद राहिले. प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला होता. यंत्रे शाबूत होती, पण निरोपांचा रस्ता तुटला होता. त्या एका दिवसाचा फटका सुमारे १३,००० मोटारींचा होता. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट २०२३ ला, तेच चौदा कारखाने पुन्हा थांबले. या वेळी हल्लाही नव्हता. भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या संगणकांची देखभाल चालू असताना साठवणुकीची जागा अपुरी पडली आणि मदतीला ठेवलेली जोडव्यवस्थाही त्याच कारणाने अडकली. मालाचा साठा कमी करायचा तर निरोपाच्या व्यवस्थेची काळजी तेवढीच वाढवावी लागते, हा याचा अर्थ.

तिसरा धोका सगळ्यांत शांतपणे येतो. माल आहे, बातमीही आहे, पण ती खरी नाही. सिस्को ही इंटरनेटची यंत्रसामग्री बनवणारी कंपनी वेबच्या वापरात अग्रेसर मानली जायची. २००० च्या सुमारास तिच्या मालाचा तुटवडा होता. आपल्याला माल मिळेल की नाही या धास्तीने गिऱ्हाइकांनी एकच मागणी दोन-तीन ठिकाणी नोंदवली. पडद्यावर मागणी फुगलेली दिसली. मग बाजार मंदावला, जास्तीच्या मागण्या विरून गेल्या आणि २००१ मध्ये सिस्कोला सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा हिशेबातून काढून टाकावा लागला. संगणकाने बेरीज बरोबर केली होती. बेरजेला दिलेले आकडे भीतीतून आले होते.

ग्रेपनेटलाही २०१० मध्ये असाच धडा मिळाला. वेलींची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइड या रसायनाचे अवशेष युरोपात आढळले आणि माल अडकला. आपल्याकडे तपासणी झाली होती, पण हे रसायन तपासायच्या यादीतच नव्हते. क्रमांक होते, निकाल होते, मागोवाही घेता येत होता. जो प्रश्न यादीत नव्हता त्याचे उत्तर मात्र कोणत्याही पडद्यावर असणे शक्य नव्हते. नंतर ते यादीत आले. व्यवस्था टिकली ती चुकीनंतर यादी दुरुस्त केल्यामुळे.

यावरून तुमच्या चौथ्या शंकेचे उत्तर असे निघते. स्टोअर रिकामे ठेवणारी कंपनी वेबच्या भरवशावर नसते. साखळीतला प्रत्येक माणूस आपल्या जागचा आकडा खरा आणि वेळेवर सांगेल, या भरवशावर ती असते. वेब तो आकडा पोचवते. खोटा असेल तर तोही तितक्याच तत्परतेने पोचवते.

म्हणून शेवटी तुमच्या भाच्याकडेच येऊ. समजा, एखाद्या दुपारी त्याच्या कारखान्यात तपासणीत ४० बिजागऱ्या नापास झाल्या आणि गडबडीत नोंद करायची राहिली. पोर्टलवर त्या चाळीस अजून ‘तयार’ आहेत. कंपनीचा संगणक त्या धरूनच उद्याचा हिशेब करतो. उद्या दुपारी लाइनवर चाळीस बिजागऱ्या कमी पडतात, म्हणजे पाच मोटारी दारांसाठी खोळंबतात. इथे फोन नव्हता, कागद नव्हता, म्हणून हे घडले असे नाही. फळीवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा वेगळा होता, म्हणून घडले.

तुम्ही दुकानात वर्षाकाठी सगळा माल खाली काढून मोजत असाल, वहीतला आणि फळीवरचा आकडा जुळतो का ते पाहायला. आजच्या कारखान्यांत तीच मोजणी थोडी-थोडी करून वर्षभर चालते, कारण वही आता सतत दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसमोर उघडी असते. ऑर्डरच्या कागदावर तुम्ही सही करायचात ती ‘हा आकडा माझा’ असे सांगण्यासाठी. कागद गेला, पण ते सांगणे राहिले. भाचा रोज संध्याकाळी पोर्टलवर जो आकडा भरतो, ती त्याची सही आहे. त्याला एवढे जरूर सांगा. पस्तीस वर्षे वही लिहिलेल्या माणसाने सांगितले, तर ते त्याला चटकन पटेल.